चित्रातली माणसं

नाही उघडायचं दार. ओढू नका, हँडल हातात येईल. गाडीला वाटतंय, पुढे माणूस उभा आहे, आपण हलायचं नाही, कुणी उतरायचंही नाही. कुठला माणूस? तो काय, ट्रकच्या पाठीवर रंगवलेला, दात घासतोय तो! तुम्ही या बिनचालक गाडीच्या तपासणीला आलात आणि नेमका हाच ट्रक पुढ्यात बंद पडावा — माझं नशीब, दुसरं काय. ट्रकवाला लागलाय खटपटीला. बसा निवांत.

आधी असं नव्हतं हो. छपरावर लायडारचा डबा फिरायचा — लेसर टाकायचा, अंतर मोजायचा — चित्र सपाट, माणूस जाडजूड, त्याला चटकन कळायचं. मग काढला कशाला? महाग! साहेब म्हणाले, माणूस दोन डोळ्यांवर चालवतो, आपले तर आठ कॅमेरे. मला पटलं. म्हणजे — पटवून घेतलं. कॅमेरे पुरेत, असा अहवाल मीच लिहिला. मग ही गाडीबाई दिसेल त्या जाहिरातीपुढे थांबायला लागली, लोक हसायला लागले, तेव्हा मीच तिला शिकवलं — चित्रातली माणसं सोडून द्यायची. आठवडाभर कुठे म्हणून अडली नाही!

आणि मग माझा मेव्हणा — बायकोचा धाकटा भाऊ, मीच चिकटवला होता इथे — चाचणीच्या मैदानात माणसं रंगवलेल्या भिंतीपुढे जमिनीवर पट्टे आखत होता. गाडीनं त्याला चित्रातला धरला. पाय गेला, गुडघ्याखाली. अहवालात? 'कर्मचारी मनाई असलेल्या जागी उभा होता.' कुणी लिहिलं, ते काय विचारताय! बायको अजून भावावरच चिडते, तिथे कशाला तडमडलास म्हणून. मी समोर बसून मुकाट्यानं जेवतो. लाज वाटते हो, पण जेवतो.

तेव्हा ते शिकवलेलं बंद केलं, म्हणून तर आज अडकलोय. तुमची सही झाली की उद्या परत चालू करायचं — साहेबांचा हुकूम. आणि या वेळी मैदानात नाही, रस्त्यावर. नोकरी सोडू? का सोडली, ते घरी सांगावं लागेल ना!

सुटला ट्रक. नाही, आता तर मुळीच नाही उघडणार, चालत्या गाडीचं दार उघडत नाही. कंपनीच्या फाटकाशी साहेब कागद घेऊन उभे असतील. विचारतील, कशी वाटली गाडी? मी शेजारी उभा राहून हसेन — ओळखतो मी स्वतःला, हसेनच. तुम्ही माझ्याकडे बघू नका. सही करू नका. ऐकताय ना? करू नका.

आलं फाटक. उतरा.