पुलावरचा सापळा

– नाही हो, बाण नाही चालत सापळ्याला! बरगड्यांतून आरपार निघून जातो. तलवारही निम्मीच लागते – कापायला मांस नको का? चालतं मढं असेल तर तलवार, भूत असेल तर चांदीचं पातं, आणि सापळ्याला गदा. हाडं फुटतात ना! नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, माझ्या मनाचं नाही. तुम्ही नवीन दिसता, बसा. सोपा खेळ आहे – प्रत्येकाचा एक वीर, फासा टाकून लढायचं, नि गोष्ट रचून सांगायची मी. याच दुकानाच्या मागच्या खोलीत, दर रविवारी, सात वर्षं – मी, दादा आणि वहिनी.

आता तुम्हीच सांगा, पुलावर सापळा उभा आहे, तो गदेनं मरायला हवा की नको? हवा. पण वहिनींना मी म्हटलं, याला गदा लागत नाही. का? तर शापित आहे, म्हटलं. त्यांनी चांदीचं पातं आणलं – तेही नाही. आग – नाही. दर रविवारी नवा नियम! वैताग आणला हो बाईंनी. एवढी मोठी दुनिया मांडलीय मी, जा की दुसरीकडे, त्या पुलाशीच काय अडलंय? तर म्हणाल्या, ‘त्यांना असं ताटकळत नाही ठेवायचं मला.’

त्यांना म्हणजे – दादाला. म्हणजे, दादाच्या वीराला. दादा गेला ना, थंडीत. मग त्याच्या वीराचं करायचं काय? खोक्यात घालून ठेवायचा? मी सापळा करून पुलावर उभा केला, बस्. बोलतो तो. आवाज मीच काढतो – दादाचा. हुबेहूब जमतो. असं बघू नका हो माझ्याकडे.

परवा वहिनींनी गदेचा वार केला, फासा टाकला – वीस! आमच्या फाशाला वीस बाजू, विसाच्या वर आकडाच नाही, वीस पडले की कुठलंही हत्यार लागतंच, तिथे माझे शाप-बिप काही चालत नाहीत. आणि मी काय केलं? फाशावर हात ठेवला. म्हटलं, तीन पडले. त्यांनी पाहिलं होतं हो! भांडल्या असत्या तर परवडलं असतं. नुसतं म्हणाल्या, ‘भाऊजी, दवाखान्यात मी ह्यांचा हात सोडलाच ना शेवटी?’ – आणि गेल्या. फोन उचलत नाहीत. आता खेळायला कुणीच नाही, पण मी तरी कसा मारू त्याला? तो मेला की आवाज कुणाचा काढू?

काय म्हणालात? जाऊ द्या त्याला? तुम्हाला कुणी विचारलं? – या तुम्ही. दुकान बंद करायचंय मला.