खिंडीतला पहिला दगड

माझ्यावर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवला नाही. फौजदार हसला. सरपंच म्हणाला, "धुरपदाबाई, तंबाखू बदला." बदलते! चौथी शिकलेय मी, पण डोळे शाबूत आहेत. लाईट गेलीच आहे, तर तुम्ही तरी ऐका गं पोरींनो.

याच वसतिगृहात मी तेव्हाही भाकऱ्या थापायचे. नववीत एक मुलगी होती, मथुरा. तोंडातून शब्द नाही. हजेरीला नुसता हात वर. बाप आधीच वारलेला. सहा वर्षांची असताना जांभूळखिंडीत आई गेली, पोरीच्या डोळ्यांदेखत. दरडीतला दगड डोक्यात पडला म्हणे. तेव्हापासून पोर गप्प.

का गप्प, ते मला एकटीला ठाऊक. एकदा तापात ती बोलली, आणि आवाज निघाला बाईमाणसाचा! "चूल विझली का गं मथे?" तिच्या आईचा आवाज! ताप उतरल्यावर तिनं वहीत लिहिलं, 'मावशी, तोंड उघडलं की आई बोलते. कुणाला सांगू नका.' नाही सांगितलं. मग ती माझ्याजवळ निजायला लागली. भाकरी थापायला शिकली. एकदा तर हसलीसुद्धा.

आणि एका तिन्हीसांजेला तिचा चुलता उगवला. त्याचं नाव मी घेत नाही. तो मान माझा नाही.

"हिच्या आजीला घरघर लागलीय. पोरीला न्यायला आलोय."

पोरीनं माझा पदर घट्ट धरला. म्हटलं, "मी पण येते."

"कशाला मावशी? खिंडीत पाय मोडतील."

"माझे पाय मी बघीन!"

निघालो. किर्र अंधार. पुढं तो, हातात बॅटरी. खिंडीत दगडांचा ढीग आहे. कुणी मेलं त्या जागी येणाऱ्याजाणाऱ्यानं दगड ठेवायचा, म्हणजे मेलेलं वर येत नाही. त्यानं ठेवला. मी ठेवला. मथुरानं मात्र एक उचलला.

"ठेव तो खाली!" तो खेकसला.

नाही ठेवला! आणि बॅटरी विझली.

चाललो, चाललो... आणि ऐका, समोर पुन्हा तोच ढीग! चकवा! मघाशी गुडघ्याएवढा होता, आता पोटरीएवढा. त्यानं घाईनं चार दगड टाकले. पुन्हा चाललो. पुन्हा ढीग! घोट्याएवढा. तो घामाघूम, ओंजळीनं दगड लोटतोय, आणि दगड घरंगळत पोरीच्या पायांशी जातायत. बाई गं! शेवटी एकच उरला. तळाचा. काळा, चपटा.

तेव्हा पोरीनं तोंड उघडलं. आवाज आईचा.

"भावजी, वरचे सगळ्या गावानं ठेवले. हा पहिला कुणी ठेवला?"

"वयनी, पाया पडतो..."

"मी नाही म्हटलं, म्हणून ना घातलात डोक्यात?"

आणि तो दगड जमिनीवरून सुटला! हातभर, मग पुरुषभर. त्याच्या कपाळासमोर येऊन थांबला. खोटं सांगत असेन तर जीभ झडो माझी!

मला त्याची दया आली असं समजू नका. पण मी पोरीला मिठी मारली आणि ओरडले, "मथे, हा असा मेला तर पुन्हा दरडच म्हणतील गं! कुणाला काही कळायचं नाही! बोल. तुझ्या तोंडानं बोल!"

दगड धाडकन पडला. त्याच्या पायावर. हाड मोडलेलं मी कानांनी ऐकलं. आणि वरून खरोखरच दरड गडगडत सुटली. पोरीचा हात धरून मी अशी पळाले, की वहाणा तिथंच राहिल्या. सकाळी धनगरांनी त्याला दगडांतून ओढून काढला. जिवंत.

त्या वाटेनं जाऊ नका. गेलातच, तर ढिगावर दगड ठेवू नका. आधी विचारा, पहिला कुणी ठेवला.

फौजदारानं माझं काही लिहून घेतलं नाही. "दगड उडाला म्हणे!" मग सहज पोरीकडं वळला, "तू सांग. आई कशी मेली?"

मथुरानं हजेरीसारखा हात वर केला. मग खाली घेतला. नऊ वर्षांनी तिचा स्वतःचा आवाज निघाला, घोगरा, लहान पोरीसारखा.

"चुलत्यानं मारली. मी बघितलं. यशवंता रामा खोमणे."