सईच्या मित्राने ‘गोळी घेतला’

मी मूळची जळगावची. वडील जकात नाक्यावर होते, वर बिस्किटं दिसली तरी पोत्यात सळई खुपसून बघायचे, आणि तोच स्वभाव माझ्यात उतरलाय, लोक संशयी म्हणतात तर म्हणू देत. लग्न करून इंग्लंडला, लेस्टरला आले, केमिस्टकडे डिस्पेन्सरीत लागले, तिथे दिवसभर गोळ्याच, आणि आमच्याकडे सगळं रामायण झालं तेही त्या शब्दावरूनच बघा.

माझी सई सोळा वर्षांची. जन्म इथला, मराठी बोलते पण दार उघडा आहे, भाजी खाल्ला, असं. तर ही मागच्या हिवाळ्यात एकदम शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये क्वायरला, म्हणजे समूहगायनाला, जायला लागली. मी म्हटलं फी किती, तर म्हणे फ्री आहे. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. कधी साधं गुणगुणली नाही ती पोरगी, आणि घरी यायची ती डोळे लाल करून, जेवायची नाही, खोलीचं दार लावून बसायची. मिस्टर म्हणाले अगं वय आहे. मी म्हटलं वय कसलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

एकदा मी कणीक मळत होते आणि ही जळगावला माझ्या आईशी फोनवर बोलत होती, आजी, आमच्या मार्कसने गोळी घेतला, आम्ही सगळे त्याच्यासाठी जातो. आणि आई तिकडून म्हणते, घेतली ना, मग आता बरं वाटेल त्याला.

काय सांगू तुम्हाला, कणीक तशीच टाकली. ड्रग्जच, दुसरं काय! तिची बॅग उपसली, कोट झटकला, बूटसुद्धा पाहिले, एक घशाची गोळी निघाली तर तीही कामावर नेऊन तपासली. आणि शनिवारी गेले तिच्या मागे.

हॉलमध्ये पोरं गात होती, भिंतीवर एका मुलाचा शाळेच्या युनिफॉर्ममधला फोटो. गाता गाता सगळी मध्येच थांबली, नुसता पियानो वाजत राहिला, आणि पहिल्या रांगेतली एक बाई तोंडावर हात दाबून बसली. सईने मला पाहिलं, मागे आली. मी फोटोकडे बोट करून विचारलं ह्या मार्कसने कसली गोळी घेतली, तर म्हणाली मम, ही टुक अ बुलेट, चिप शॉपच्या बाहेर, आम्ही थांबला ती जागा त्याच्या सोलोची आहे, तो एकटा गायचा, आणि पुढे बसलीय ती त्याची आई. गोळीबारात एक पोरगा गेल्याची बातमी मी ऐकली होती हो, पण हा सईचा मित्र हे तिने सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर मी घराबाहेर पडू दिलं असतं का?

मी तिचा हात धरला, म्हटलं चल घरी, मारणारे मोकळे फिरतायत आणि तुम्ही त्याच्या नावाने गाता? तिने हात सोडवला. म्हणाली, आई, आम्ही पण गप्प बसला तर मग काय राहिला? आणि गेली आपल्या जागेवर.

आता दर शनिवारी मी दाराशी खुर्ची टाकून बसते. येणाऱ्याच्या खिशात हात असेल तर म्हणते, आधी हात बाहेर काढ बाबा. त्यांना गाणं शिकवणाऱ्या मिसला वाटतं मी मदतीला येते, मला बॅजही दिलाय. मार्कसची आई शेजारी बसते, तीही दाराकडेच बघते.

जळगावहून आई अजून विचारते, सईच्या त्या मित्राला उतार पडला का गं. मी म्हणते, हो. सईची बाकी सगळी वाक्यं मी सुधारते, भाजी खाल्ली म्हण, दार उघडं म्हण. ते एक ‘गोळी घेतला’ तेवढं सुधारलं नाही. गोळी लागली असं नीट म्हणायची पाळी माझ्या लेकरावर कधी न येवो.