जांभळ्या इरकलीखाली

बसा, बसा सगळे. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत. हॉलचं हीटिंग अजून नीट चालू झालेलं नाही, तेव्हा कोट अंगावरच राहू द्या.

मला बोलायची सवय नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी भूल देणारी डॉक्टर. तीस वर्षं मी लोकांना झोपवलं, आणि झोपलेल्या माणसांशी फार बोलावं लागत नाही. आज तुम्ही सगळे जागे आहात. त्यामुळे आवाज अडखळला तर सांभाळून घ्या.

इलोना गेली त्याला आज तीन आठवडे झाले. समोर क्लेअर बसली आहे. इलोना आणि ती अठरा वर्षं एकत्र राहिल्या. क्लेअरला मराठी येत नाही, म्हणून माझी नात रिया तिच्या कानात इंग्लिशमध्ये सांगते आहे. रियाचं मराठी कसं आहे ते आपण जाणतो, तेव्हा क्लेअरला नक्की काय ऐकू जातंय ते देव जाणे.

परवा पुण्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. शोकसभा कुणाची, म्हणाली. मी सांगितलं, एका हंगेरियन शिल्पकार बाईची. ती म्हणाली, अगं, पण तुमची कोण ती? मी म्हटलं, नंतर सांगते. ते उत्तर द्यायलाच आज उभी आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना इलोना आठवते ती आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या वर्कशॉपमुळे. मुलांना मातीकाम शिकवायला कुणीतरी हवं होतं. लायब्ररीच्या बोर्डावर तिची चिठ्ठी होती, तीवरून मीच फोन केला. आली ती रबरी बूट घालून. मुलांना म्हणाली, आधी हात घाण करा, देव नंतर. तिनेही एक गणपती केला. पोट सुटलेला, पाय पसरलेला, दिवसभराचं काम करून घरी आलेला. आपल्याला तो फार आवडला. मग माझ्या बागेत, प्लास्टिकच्या टबात विसर्जन झालं. तिला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हाला वाटलं, बाई आता चिडणार. ती टबाशेजारी बसून राहिली, शेवटची सोंड विरघळेपर्यंत. मग म्हणाली, इतकं मन लावून करायचं आणि आपल्याच हाताने सोडायचं, हे मला जमणार नाही बाई.

दिवाळीत अनारसा खाताना तिने खालची खसखस बोटाने टिपली. तिच्या गावी नाताळात खसखशीचा रोल करतात, पण ती खसखस काळी. तुमची पांढरी का, म्हणून तिने मला बरंच छळलं. मला काय ठाऊक? त्या दिवसापासून ती माझी झाली.

तिचं काम तुम्ही थोडंफार पाहिलं आहे. ती बायका घडवायची. देवी नाही, आई नाही, सुंदर तरुणी तर नाहीच. पन्नाशी-साठीच्या बायका. इथे आपल्या हॅरोच्या बसमध्ये पिशव्या घेऊन बसतात तशा. ती स्वतः इथे आली तेव्हा केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची. तिथे सगळे तिला ‘पोलिश गर्ल’ म्हणत. ती चाळिशीची होती आणि पोलिश नव्हती. ती सांगायची, पहिली पाच वर्षं मला कुणी माझ्या नावाने हाक मारली नाही, तेव्हा मी घरी जाऊन मातीत माझंच तोंड करून बघायचे, आहे ना अजून म्हणून.

म्हणूनच समोर बसलेल्या प्रत्येक बाईला ती एकच प्रश्न विचारायची. तुला काय हवं आहे?

मलाही विचारला.

हो. मी तिच्यासमोर बसले होते. आज पहिल्यांदा सांगते आहे. मंडळाची माजी अध्यक्ष, तुमची डॉक्टरवहिनी, दोन हिवाळ्यांपूर्वी दर मंगळवारी इलोनाच्या स्टुडिओत केस मोकळे सोडून, पाठ उघडी टाकून बसत होती. वय वर्षं सहासष्ट. आयुष्यभर टेबलावर उघडी शरीरं पाहिली, कधी पापणी हलली नाही. स्वतःचं ब्लाउज काढायला मला तीन मंगळवार लागले.

तर तिने विचारलं, तुला काय हवं आहे? मी म्हटलं, मुलगा सुखात राहावा. ती म्हणाली, ते मुलाचं झालं. मी म्हटलं, रियाला युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळावा. ती म्हणाली, ते रियाचं. ती शिल्पाचा हात घडवत राहिली. तासाभराने माझ्या तोंडून निघालं, कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवावा.

आमचे हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तुम्ही सगळ्यांनी किती केलंत. डबे आणलेत, फॉर्म भरलेत, मला एकटीला कधी पडू दिलं नाहीत. पण माझ्या अंगाला चार वर्षांत कुणी हात लावला नव्हता. आपल्यात साठीच्या विधवेला नमस्कार करतात. वाकून करतात. पाठीवर हात कोण ठेवणार? आणि मागणार तरी कुणाकडे?

इलोनाने सांत्वन वगैरे काही केलं नाही. ती उठली, माझ्या मागे आली आणि तिचा हात माझ्या पाठीवर ठेवला. मातीने भरलेला, थंडगार. बराच वेळ. मग तोच हात तिने समोरच्या शिल्पाच्या पाठीवर दाबला आणि म्हणाली, आज पुरे, चहा घेऊ.

मातीचं शिल्प पुरं होईपर्यंत ओलं ठेवावं लागतं, नाहीतर तडकतं. त्यासाठी ओल्या सुती कापडात गुंडाळतात. तिच्याकडे जुन्या चादरी होत्या. मी माझ्या आईची जांभळी इरकल नेऊन दिली. धुऊन धुऊन मऊ झालेली. आपण तान्ह्या मुलाला गुंडाळतो ना, तशी.

आता मी काय केलं ते सांगते. हे सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

तिने स्टुडिओ सगळ्यांना बघायला खुला ठेवला होता, त्या दिवशी आपण पाच-सहाजणी गेलो होतो. हे शिल्प मधोमध ठेवलेलं. एका मैत्रिणीने निरखून पाहिलं. ती इथेच बसली आहे, तिचा काही दोष नाही. ती हसून म्हणाली, वहिनी, ही बाई तुमच्यासारखी दिसते हो. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, छे, काहीतरीच काय, असली एखादी मॉडेल. आणि वर म्हटलं, कसं बसवतं बाई या लोकांना असं!

ते मी इंग्लिशमध्ये म्हटलं. इलोना चहाचा ट्रे घेऊन मागेच उभी होती.

मैत्रिणीने तिलाच विचारलं, मग ही आहे तरी कोण? इलोनाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही सांगणार. तिने ट्रे खाली ठेवला, इरकल उचलली, शिल्पावर पांघरली आणि म्हणाली, “अजून कुणी नाही. काम अपुरं आहे.”

काम अपुरं नव्हतं. पुढच्या महिन्यात बर्मिंगहॅमला तिचं आयुष्यातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन होतं आणि मधल्या जागेसाठी हेच शिल्प ठरलं होतं. तिने प्रदर्शनवाल्यांना कळवलं, देता येणार नाही. मी ट्रेनने बघायला गेले, तर मधोमध रिकामा चौथरा. मी विचारलं, इथे काही का नाही ठेवलंस? म्हणाली, असू दे जागा. खरं कारण मला क्लेअरने सांगितलं, तेही गेल्या महिन्यात.

इलोना मला त्यावरून एकदाही बोलली नाही. रागावली असती तर मी सुटले असते. तिने फक्त एक केलं. दोन वर्षं रोज सकाळी त्या इरकलीवर पाणी शिंपडलं. वाळू दिलं नाही. का? मी कधीतरी हो म्हणेन म्हणून.

ती हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा स्टुडिओची किल्ली माझ्याकडे आली. रोज भेटायला गेले की तिचा पहिला प्रश्न, पाणी घातलंस? एक दिवस रिया माझ्याबरोबर स्टुडिओत आली. मी साडी बाजूला केली. ती शिल्पाभोवती फिरली आणि म्हणाली, “आजी, हा तर तू आहे. हाइड का करते?”

शेवटच्या भेटीत इलोनाने माझा हात धरला. म्हणाली, “तुला नको असेल तर पाण्यात सोड. तुमच्या गणपतीसारखं. मी तुझ्यावर रागावणार नाही.” जिला मातीचा गणपती सोडवत नव्हता, ती हे म्हणाली. माझ्यासाठी.

ती गेल्यावर मी खरंच टब भरून ठेवला होता. खोटं कशाला सांगू. साडी काढली, शिल्प उचलायला मागून हात घातला, आणि बोटं त्या खळग्यात गेली. तिच्या हाताच्या. पाचही बोटं उमटलेली आहेत, तिच्या अंगठ्याजवळची वाकडी रेघसुद्धा. तिथेच जमिनीवर बसून मी रडले. तिने मला जे दिलं होतं, तेच मी विरघळवायला निघाले होते.

तर मंडळी, हे जे माझ्या मागे टेबलावर साडीखाली आहे आणि तुम्ही मघापासून ज्याच्याकडे चोरून बघताय, ते हेच. सकाळी क्लेअरने आणि मी गाडीच्या मागच्या सीटवर पट्टा बांधून आणलं. सोमवारी ते ब्राँझमध्ये ओतायला जाईल. खालच्या पट्टीवर काय नाव घालायचं, असं क्लेअरने विचारलं. मी माझं नाव लिहून दिलं आहे. पूर्ण नाव, आडनावासकट.

बहिणीला आज रात्री फोन करीन. सांगेन, माझी कोण म्हणून विचारत होतीस ना? माझ्या पाठीवर हात ठेवणारी.

आता मी इरकल काढते. दोन मिनिटं आपण उभं राहू या. अशा वेळी डोळे मिटायची आपली पद्धत आहे, पण आज मिटू नका. तिला ते चाललं नसतं. मान वर करा आणि नीट बघा.

ही मी आहे. आणि इथे, पाठीवर, इलोना आहे.