घाटातला थांबा

ओश शहरातल्या गॅरेजात गाडी दुरुस्तीसाठी खोळंबलेल्या नुरगुलचे कान रांगेत पुढे असलेल्या म्हाताऱ्याच्या आणि मिस्त्रीच्या बोलण्याकडे लागले होते.

"घाट चढला की कब्रस्तानाच्या वळणावर गाडी बंद! उतरून बायकोसाठी दुवा मागतो, की लगेच सुरू."

"बाबा, इंजिनाचा सेन्सर बिघडलाय. आत्ता इथंही तापवली तशी बंद पडली. सेन्सरवर गार पाणी ओतलं, झाली सुरू."

"आणि मी समजत होतो, तीच थांबवते! जिवंतपणी रस्त्यात खरबुजं दिसली की गाडी थांबवलीच तिनं."

"मग राहू दे जुनाच?"

"छे रे! सुनेचे दिवस भरत आलेत, तिला त्याच घाटातून दवाखान्यात न्यायचंय. नवा बसव."

"आणि आजीसाठीचा थांबा?"

"तिच्यापाशी आता ब्रेक मीच लावेन."