डोक्यावर उभा राहिलेला खांब

अहो, पण मी म्हणतो, माझ्या टाइल्सनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? गुलाबी, चकचकीत, बघून भांग पाडावा अशा! तुम्हाला सांगतो, लहानपणी मी बांबूच्या तट्ट्यांच्या घरात राहिलो. फटीतून वारा, फटीतून डास, फटीतून शेजारीण... आईनं काय शिजवलंय ते तिला आमच्याआधी ठाऊक! तेव्हाच शपथ घेतली, बांधीन तर सिमेंटचं. बांधलं! आख्ख्या गावात पहिल्या टाइल्स या वगिमानच्या!

आणि आमची रेतनो, एकुलती एक पोर, जकार्ताची नोकरी सोडून येते काय आणि म्हणते काय, "बाबा, पुढच्या खोलीत पाहुणे ठेवू या. शहरातले लोक येतात हल्ली. पण सगळं गावाकडचं हवं. बांबू, चटया, काथ्या..."

"अगं, आपण गावातच आहोत!"

"पण दिसत नाही ना तसं!"

बरं, नाही जमलं तर? "तर जाईन परत जकार्ताला." हे ती चटई झटकता झटकता म्हणाली हो, अगदी सहज... आणि आमची ही, सुमिनी, माझ्याकडे अशी बघतेय, जणू जकार्ता मीच वसवलंय!

म्हटलं, चला. ज्या तट्ट्या बापाच्या घराच्या मी चुलीत घातल्या, तसल्याच विकत आणून माझ्या सिमेंटच्या भिंतींवर ठोकल्या! टाइल्सवर चटया अंथरल्या. काय घोडं मारलं होतं त्यांनी... जाऊ दे! मधोमध बांबूचा जाडजूड खांब उभा केला, मी स्वतः, जाड टोक वर, तुळई कशी झकास टेकली!

मग नव्या खोलीचं जेवण घातलं, ते चुकवून कसं चालेल? भाताचा डोंगर, अख्खी कोंबडी, आळी मांडी घालून बसलेली, दुआ झाली, आता भातात हात घालणार, तोच म्हातारे तुकिरान आजोबा वर बघतात. "वगिमान, हा बांबू डोक्यावर का उभा आहे रे?"

सगळ्यांचे हात जागच्या जागी! बांबू उगवतो तसाच उभा करायचा, बुडखा खाली, शेंडा वर, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. "उलट्या खांबाच्या घरात मुलं राहत नाहीत, निघून जातात," आजोबा म्हणाले आणि कडकन पापड मोडला.

आता मी सुधारलेला माणूस! टाइल्सवाला! असल्या गोष्टींना जन्मभर हसलेला! रेतनोही हसली, "काही होत नाही हो बाबा, जेवा." पण मी भाताकडे नेलेला हात मागे घेतला. उठलो. म्हटलं, "धरा रे!" भात निवतोय आणि आख्खी आळी खांबाला लोंबकळतेय! "डावीकडे!" "अरे, माझा पाय!" "तो माझा आहे, सोड!" खांब उलटा केला, म्हणजे सुलटा केला. बारीक टोकावर तुळई बसेना, तर खाच पाडली, काथ्यानं आवळली. तेव्हा कुठं जेवलो. गार भात, पण काय गोड लागला!

आणि पाहुणे आले की हो! गेले ते परत येतो म्हणून गेले. रेतनो जकार्ताचं नाव काढत नाही. काल मात्र न्हाणीघराच्या दारात उभी होती, मान तिरकी करून, माझ्या उरल्यासुरल्या टाइल्स न्याहाळत. "बाबा, इथे नदीतले गोटे बसवले तर?"

काय घोडं मारलं होतं हो त्यांनी? काही नाही, काही म्हणजे काहीच नाही... अगं सुमिनी, हातोडा कुठं ठेवलायस?