पाठमोरा हैबती

ऐका. शेकोटीजवळ सरका आणि मध्ये बोलू नका. मंजुळा, तू पुढं बस. उद्या उजाडताना हिरॉइनचे कपडे घालून या कड्यावरनं तू उडी मारणार, म्हणजे गोष्ट तुझ्यासाठीच आहे. मी दमलोय गं. जन्म फायटरकीत गेला. प्रत्येक शूटिंगला हीच गोष्ट सांगतो. लोक म्हणतात, "आबा, मजा आली," आणि झोपायला जातात.

तर नारबा. याच वाडीचा, तालमीतला गडी. सकाळी हिरोच्या जागी त्याची उडी होती. अंधार पडल्यावर घरनं युनिटकडं निघाला. खांद्यावर बटाट्यांचं पोतं, युनिटच्या न्याहारीचं. आई म्हणाली, "सडकेनं जा रे बाबा." हा म्हणाला, "लांब पडतंय." आणि लागला कड्याच्या वाटेला!

चालतोय, चालतोय. पुढं कुणीतरी उभं. लाल शर्ट, पाठमोरा. शर्टातनं पाणी ठिबकतंय. आता पाऊस नाही, नदी खाली. मग पाणी कुठलं?

त्यानं हात मागं केला. "तंबाखू आहे का?"

नारबानं दिली. म्हणाला, "पाव्हणं, तोंड तरी दाखवा!" आणि वळसा घालून पुढं गेला. पुढनंही पाठच! इकडनं पाठ, तिकडनं पाठ. अरे बापरे!

तुला सांगतो तो कोण. हैबती, आमच्यातलाच, हिरोचा डबल. डबलनं कॅमेऱ्याला पाठच दाखवायची असते. आमच्यात एक रीत आहे. माणसानं उडी मारायच्या आधी त्याच्या वजनाचं वाळूचं पोतं दोराला बांधून खाली सोडायचं. पोतं दोरावर थांबलं तरच माणूस. त्या दिवशी सूर्य कलला होता. डायरेक्टर साहेब म्हणाले, "उजेड जातोय, पोतं राहू दे." दोर बांधायला दगडात ठोकलेली पहार निघाली आणि हैबती गेला. दुसऱ्या सकाळी नवा नारळ फुटला. हैबतीच्या अंगावरचा लाल शर्ट धुतला होता, तो वाळलाही नव्हता. तसाच ओला दुसऱ्याच्या अंगात घातला आणि सीन पुरा केला. पिक्चर लागला तेव्हा हैबतीची आई बघायला गेली. पाठीवरनं लेक ओळखला तिनं.

असो. नारबा पळाला. पळतोय, पळतोय, आणि पुन्हा तीच पाठ समोर! पुन्हा पळाला. पुन्हा पाठ! कमरेला काहीतरी काचलं म्हणून बघतो तर दोर! दुसरं टोक पहारीला. सकाळच्या उडीसाठी युनिटनं संध्याकाळीच ठोकलेली पहार.

पाठ बोलली, "पोतं टाकलं का?"

"न्... नाही."

"का?"

"सकाळी घाई असती, म्हणाले."

"मग आज तूच पोतं!"

आणि हैबती दोर ओढायला लागला. एवढा तालमीतला गडी, पण टाचा घासत कड्याकडं चाललाय! एक पाय हवेत गेला. खाली नदीचे दगड. खांद्यावरचं पोतं पडलं आणि तेवढ्यात त्याला सुचलं. कमरेची गाठ सोडली, दोर बटाट्यांच्या पोत्याला आवळला आणि दिलं ढकलून!

पोतं गेलं. दोर ताणला. आणि ओल्या वाफ्यातला मुळा उपटावा तशी पहार निघाली! खाली धप्प आवाज झाला.

वर बघतो तर कुणी नाही. दगडावर तेवढा ओला डाग.

सकाळी नारबानं सगळं सांगितलं. मॅनेजर बटाट्यांसाठी ओरडला. बाकीचे हसले. "पैलवान भुताला भ्याला!" पहार दोन हात सरकवून पुन्हा ठोकली. नारबा म्हणाला, "आधी पोतं टाका." ते म्हणाले, "उजेड जाईल." नारबा सडकेनं घरी गेला.

"मग आबा, उडीचं काय झालं?"

काय होणार? दुसरा पोरगा आणला. त्यानं उडी मारली आणि वाचला. तिथंच तर सगळं बिघडलं, मंजुळा. तो वाचला म्हणून कुणाला भूत खरं वाटत नाही. जित्या माणसानं सांगितलेलं ऐकलं असतं, तर मेलेल्याला कशाला उठावं लागलं असतं? तोही दमला असेल. त्या वाटेनं जाऊ नका, एवढंच सांगतो. आणि "आजच्या दिवस चालतंय" म्हणणाऱ्याच्या मागनं तर कुठल्याच वाटेनं जाऊ नका. झाली गोष्ट. झोपा आता.

कुणी उठलं नाही. मंजुळानं शेकोटीपलीकडं बसलेल्या डायरेक्टरच्या असिस्टंटकडं पाहिलं.

"सुहासदादा, माझं पोतं टाकलं का?"

"अगं, पहार मी स्वतः हलवून बघितलीय."

"पोतं टाकलं का?"

सुहास हसायला गेला, पण बाकी कुणी हसलं नाही. "सकाळी बघू ना. उगवतीचा उजेड दहा मिनिटंच मिळतो, तुला माहितेय."

मंजुळा उठली. बसायला घेतलेलं गोणपाट तिनं झटकलं.

"कुठं निघालीस?" आबांनी विचारलं.

"नदीवर, वाळू भरायला. माझं वजन बावन्न किलो आहे, आबा. एकटीला उचलायचं नाही."

आबा गुडघ्यावर हात टेकून, कण्हत उभे राहिले. त्यांच्यामागं एकेक करून सगळे फायटर उठले. सर्वांत शेवटी, बॅटरी घेऊन, सुहास.

"सडकेनं," आबा म्हणाले.